हिंदू संघाचा उपेक्षित आधारस्तंभ : बाळू पालवणकर

क्रिकेटचा विषय निघाला की वसतिगृहात रात्र पुरत नाही. परंतु या गप्पांचा उगम फार तर सी. के. नायडूंपर्यंत मागे जातो. नायडू मैदानावर येण्यापूर्वी वीस वर्षे एका मराठी माणसाने गोऱ्या साहेबांची फळी कापून काढली होती, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? त्यांचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. इंग्रजी वृत्तपत्रे त्यांना पी. बाळू म्हणत.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजाचे. बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. वडील पलटणीत नोकरीला असल्यामुळे बालपण पुण्याला गेले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण लवकर सुटले व पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम पत्करावे लागले. पगार महिना 3 रुपये! पुढे ते साहेबांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा त्यात एका रुपयाची भर पडली.

तेथे जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज सरावाला येई. त्याला गोलंदाजी टाकायला कोणी तरी हवे होते. बाळू तासन् तास चेंडू टाकत राहिले आणि त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच दिली जाई. बॅट धरणे हे साहेबाचे काम आणि चेंडू टाकणे हे नोकराचे, असा तो काळ होता.

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू मंडळींच्या कानी गेली. गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवेतच, पण अस्पृश्याला संघात घ्यायचे कसे, हा पेच! अखेर तोड निघाली. मैदानावर सर्वांनी एकाच चेंडूला हात लावायचा. मात्र चहाच्या वेळी बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यात चहा घ्यायचा, इतरांनी आत चिनी मातीच्या कपात. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूने विटाळ होत नाही आणि कपाने होतो, हे कोणत्या शास्त्रात लिहिले होते कोण जाणे.

पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास बाळू मुंबईला आले व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. येथे काही काळाने त्यांना सहकाऱ्यांच्या पंक्तीला बसता आले. धाकटे बंधू शिवरामही संघात आले. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा 242 व 160. युरोपियनांच्या 191 व 102. म्हणजे 109 धावांनी विजय! या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. साऱ्या देशाला हा विजय आपला वाटला.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. 23 सामन्यांपैकी 15 हरला, जिंकले फक्त 6. त्या पडझडीत पस्तिशीच्या बाळूंनी एकट्याने 114 बळी घेतले. खांदा दुखत असतानाही ते गोलंदाजी करीत राहिले.

एवढे झाल्यावर हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे येणे साहजिक होते. ते आले नाही. वर्षामागून वर्ष दुसऱ्याचेच नाव पुढे होई. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळले. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा त्यांची जागा दि. ब. देवधरांना दिली गेली. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर पडले. मला या चरित्रातील हा सर्वांत मोठा प्रसंग वाटतो; 114 बळींहूनही मोठा. शेवटी तडजोड झाली. अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार केले आणि पै काही वेळ मैदान सोडून गेल्याने तेवढ्यापुरते नेतृत्व त्यांना मिळाले. एवढेच! 1923 साली मात्र विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. थोरल्याला जे नाकारले, ते धाकट्याला द्यावे लागले.

यापुढचा भाग आपल्या भागातील वाचकाला रुचणार नाही, पण तो गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरुणपणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाळूंविषयी मोठा अभिमान होता. पुढे मार्ग वेगळे झाले. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू गांधीजींच्या बाजूने उभे राहिले, आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब विजयी झाले; मतांचा फरक सुमारे दोन हजारांचा होता. ज्या हिंदू समाजाने त्यांना बाहेर चहा पाजला, त्याच्यावर बाळूंनी अखेरपर्यंत भरवसा का ठेवला असेल? कदाचित त्याच पंक्तीत बसण्याची जागा त्यांनी स्वतःच्या हाताने मिळवली होती म्हणून. मला त्यांचा निर्णय पटत नाही. पण त्यांना नुसते दोषी ठरवून मोकळे होणेही जमत नाही.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रभादेवीला एका रस्त्याला पी. बाळू मार्ग असे नाव आहे.