ताडपत्रांचे उद्धारक

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, कुंभकोणम् नगराजवळ, उत्तमदानपुरम् नावाचे एक लहानसे खेडे आहे. महामहोपाध्याय स्वामीनाथ अय्यर यांचे ते मूळ गाव; त्यांचा जन्म १८५५ साली झाला. वडील गायक होते व घरची स्थिती ओढगस्तीची होती. परंतु बालपणापासूनच स्वामीनाथांना तमिळ काव्याचा ध्यास लागला. महाविद्वान मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्या चरणांपाशी बसून त्यांनी १८७६ मध्ये गुरूंचे निधन होईपर्यंत अध्ययन केले. पुढे १८८० मध्ये ते कुंभकोणम् येथील सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक झाले.

त्याच वर्षी रामस्वामी मुदलियार नावाचे मुन्सफ त्या गावी बदलून आले. अय्यर त्यांच्या भेटीस गेले आणि आपण पठण केलेल्या ग्रंथांची लांबलचक यादी त्यांनी सांगितली. मुन्सफांचे समाधान झाले नाही. ‘जीवकचिंतामणि’, ‘मणिमेखलै’ यांसारखी प्राचीन काव्ये वाचली आहेत काय, असे त्यांनी विचारले. अय्यरांनी ती वाचली नव्हती. दुसरा एखादा विद्वान हा अपमान मानून परतला असता. अय्यरांनी मात्र आपली उणीव मान्य केली.

मुदलियारांनी त्यांना ‘जीवकचिंतामणि’ची प्रत दिली. ते काव्य जैन कवीचे. त्यातील धर्मकल्पना शैव घराण्यात वाढलेल्या अय्यरांना उलगडेनात. तेव्हा हा अध्यापक गावातील जैन गृहस्थांच्या घरी विद्यार्थी होऊन गेला.

त्या काळी जुने ग्रंथ ताडपत्रांवर होते. कित्येक घरांत त्यांना कसर लागली होती, तर काही पोथ्या लोकांनी नदीच्या पुरात सोडून दिल्या होत्या. जे उरले होते, तेही लवकरच नाहीसे झाले असते. अय्यर गावोगाव हिंडले, त्यांनी पोथ्या मिळविल्या, पाठ ताडून पाहिले आणि छपाईसाठी द्रव्यही जमविले. १८८७ मध्ये ‘जीवकचिंतामणि’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर १८९२ मध्ये ‘शिलप्पधिकारम्’, १८९४ मध्ये ‘पुरनानूरु’ व १८९८ मध्ये ‘मणिमेखलै’ हे ग्रंथ प्रकाशात आले.

१९०६ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १९४२ मध्ये त्यांचे देहावसान झाले. तमिळ जनता त्यांना प्रेमाने ‘तमिळ ताता’, म्हणजे तमिळचे आजोबा म्हणते.

‘पुरनानूरु’तील कविता सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. दात्याचे औदार्य, मातेचा शोक, मृत्यूचे भान हे त्यांचे विषय आजच्या वाचकालाही आपलेच वाटतात. काळ लोटला म्हणून असे ग्रंथ निर्जीव होत नाहीत. कोणी उघडून वाचील, याची ते वाट पाहत असतात. अय्यरांनी ती पाने वेळीच उघडली, म्हणून हे धन आपल्यापर्यंत पोहोचले.