गुडघ्यातलं इंजेक्शन आणि सोयाबीनवाले केमिस्ट : पर्सी ज्युलियन

घरात कुणाच्या गुडघ्याची झीज झाली असेल, तर सांध्यात घ्यायच्या स्टेरॉइड इंजेक्शनबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. हे औषध आज सहज मिळतं, आणि तुलनेने स्वस्तही आहे. पण १९४९ मध्ये याच कुटुंबातलं पहिलं औषध, कॉर्टिसोन, सोन्यापेक्षा कितीतरी महाग होतं. ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या अमेरिकन केमिस्टची ही गोष्ट.

माळ्यावर राहून शिकलेला मुलगा

पर्सी ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ ला अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरीमध्ये झाला. त्यांचे आजोबा गुलाम होते. तेव्हा माँटगोमेरीत कृष्णवर्णीय मुलांना आठवीच्या पुढे सरकारी शाळाच नव्हती. त्यामुळे इंडियानातल्या डीपॉ विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर कॉलेजबरोबर शाळेचे राहिलेले विषयही करावे लागले. वसतिगृहात जागा नाकारली गेली, म्हणून विद्यार्थ्यांच्या एका क्लबच्या घरात वेटरचं काम करून ते तिथल्याच माळ्यावर राहिले. १९२० मध्ये पदवी घेतली ती वर्गात पहिला नंबर काढून.

मास्टर्स हार्वर्डमधून, डॉक्टरेट १९३१ मध्ये व्हिएन्नाहून. १९३५ मध्ये डीपॉमध्येच, सहकारी योसेफ पिकल यांच्यासोबत, त्यांनी काचबिंदूवरचं फिजोस्टिग्मिन प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. या कामाचं जगभर कौतुक झालं. तरी रंगामुळे डीपॉने प्राध्यापकपद दिलं नाही. मग १९३६ मध्ये ते शिकागोच्या ग्लिडन कंपनीत सोयाबीन संशोधनाचे प्रमुख झाले.

टाकीच्या तळाचा पांढरा थर

१९४० मध्ये ग्लिडनच्या सोयाबीन तेलाच्या एका मोठ्या टाकीत पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा थर जमला. दुसऱ्या कुणी तो नासाडी म्हणून फेकला असता. ज्युलियन यांनी ओळखलं, की हे स्टिग्मास्टेरॉल आहे, म्हणजे वनस्पतीतलं स्टेरॉइड.

हे एवढं महत्त्वाचं का? शरीरातल्या सगळ्या स्टेरॉइड हॉर्मोन्सचा सांगाडा सारखाच असतो : कार्बनची एकमेकांना जोडलेली चार कडी. हा सांगाडा शून्यापासून बांधणं फार अवघड. सोयाबीनमध्ये तो तयारच मिळतो. आपण सगळा कोड स्वतः न लिहिता तयार लायब्ररी घेऊन वरचे बदल करतो ना, तसंच हे. या मार्गाने ज्युलियन यांनी प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन मोठ्या प्रमाणात बनवलं.

एका ऑक्सिजनचा प्रश्न

कॉर्टिसोन ज्युलियन यांनी शोधलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. ते शोधण्याचं, वेगळं करण्याचं आणि वापरून दाखवण्याचं श्रेय केंडॉल, राइशस्टाइन आणि हेंच यांचं, आणि त्यासाठी त्यांना १९५० चं नोबेल मिळालं. हेंच यांनी १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या एका रुग्ण महिलेला ते दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. पण मर्क कंपनी ते जनावरांच्या पित्तापासून, तीसहून जास्त टप्पे करून बनवत होती. इतक्या आजाऱ्यांना पुरणार कसं?

१९४९ मध्ये ज्युलियन यांनी सोयाबीनच्या रस्त्याने ‘कंपाउंड एस’ बनवण्याची पद्धत काढली. हे रसायन आणि हायड्रोकॉर्टिसोन यांच्यात फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा, अकराव्या कार्बनवरचा. तिथे ऑक्सिजन बसवणं हेच सगळ्यात किचकट काम होतं. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की एक बुरशी त्या जागी ऑक्सिजन बसवून देते. स्वस्त सांगाडा वनस्पतीतून आणि अवघड टप्पा सूक्ष्मजीवांकडून, अशी जोडी जमली आणि किमती खाली आल्या. आजही स्टेरॉइड औषधांचा बराच कच्चा माल सोयाबीनमधूनच येतो.

१९५१ : दोन घटना

१९५० मध्ये शिकागोच्या सन-टाइम्स वृत्तपत्राने ज्युलियन यांना शहरातला वर्षाचा मानकरी ठरवलं. त्याच वर्षी त्यांनी जवळच्या ओक पार्कमध्ये घर घेतलं. राहायला जाण्याआधीच, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, ते जाळण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये घरावर डायनामाइट फेकलं गेलं. कारण एकच, वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंब नको. ज्युलियन कुटुंब घर सोडून गेलं नाही.

त्याच १९५१ साली फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी सांध्यात थेट हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॉर्टिसोन सांध्यात फारसं चालत नव्हतं, हायड्रोकॉर्टिसोन चालत होतं. कारण कॉर्टिसोन आधी मुख्यतः यकृतात बदलून हायड्रोकॉर्टिसोन व्हावं लागतं, तेव्हाच काम करतं. म्हणजे आपण ज्याला सर्रास ‘कॉर्टिसोनचं इंजेक्शन’ म्हणतो, त्यात बहुतेक वेळा कॉर्टिसोन नसतंच. आज ट्रायअ‍ॅमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन असतं, याच कुटुंबातलं, पण सांध्यात जास्त दिवस टिकणारं.

मग गुडघा बरा होतो का?

नाही. औषध सांध्याच्या अस्तरातली सूज कमी करतं, त्यामुळे काही आठवडे दुखणं हलकं होतं. झिजलेली कूर्चा परत येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत १४० रुग्णांना दोन वर्षं, दर १२ आठवड्यांनी इंजेक्शन दिलं. काहींना ट्रायअ‍ॅमसिनोलोन, काहींना नुसतं सलाइन. दुखण्यात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, आणि स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली. म्हणून दुखणं फार वाढलं असताना, व्यायाम सुरू करता यावा म्हणून एखादं इंजेक्शन घेणं वेगळं, आणि दर तीन महिन्यांनी घेत राहणं वेगळं. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढू शकते, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

ज्युलियन यांनी पुढे ग्लिडन सोडून स्वतःची कंपनी काढली, तिथे कृष्णवर्णीय केमिस्टना मोठ्या संख्येने कामावर घेतलं, आणि १९६१ मध्ये ती वीस लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली. १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं. १९ एप्रिल १९७५ ला ते गेले. ज्या ओक पार्कमध्ये त्यांच्या घरावर डायनामाइट पडलं, तिथल्या एका शाळेला आज त्यांचं नाव आहे.