स्वयंपाकघरातील शास्त्रज्ञ : आग्नेस पॉकेल्स

शास्त्रज्ञ म्हटला की प्रशस्त प्रयोगशाळा, काचेची उपकरणे आणि नावापुढे पदव्यांची रांग असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आग्नेस पॉकेल्स या जर्मन विदुषीपाशी यांतले काहीच नव्हते. तिच्यापाशी होते स्वयंपाकघर, पत्र्याचे एक भांडे आणि पाणी. तरीही पृष्ठभागांच्या विज्ञानाचा इतिहास तिच्या नावावाचून पुरा होत नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण हे चरित्र आपल्या अंकातून सांगावे असे मला मनापासून वाटले.

आग्नेसचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस येथे झाला. तेव्हा तो प्रदेश ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता आणि तिचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. हिवतापाने घरच्यांची प्रकृती ढासळली. वडिलांना लवकर निवृत्त व्हावे लागले व १८७१ साली हे कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग या शहरी आले. तेथील मुलींच्या शाळेत आग्नेसला पदार्थविज्ञानाची गोडी लागली. परंतु त्या काळी विद्यापीठाचे दार मुलींना बंद होते. पुढे ते किलकिले झाले, तेव्हा आईवडिलांच्या इच्छेखातर ती घरीच राहिली. त्यांच्या आजारपणात घर तीच सांभाळत होती. धाकटा भाऊ फ्रीडरिश मात्र ग्योटिंगेनला शिकून पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. त्याने दिलेल्या पुस्तकांवर ती घरीच शिकली.

एकाला विद्यापीठ आणि दुसरीला चूल, हे चित्र आपल्याला परके नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला गेला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आधीच्या बायकांना बुद्धी कमी होती, असे मात्र मला कधी वाटले नाही.

भांडी घासताना पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो. आमच्या पिंप्राळ्यात शेवभाजीची कढई घासणाऱ्या प्रत्येकीने तो पाहिलेला आहे. आग्नेसने तो मोजायचे ठरवले. वयाच्या विशीच्या सुमारास तिने ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि २ उंच असे पत्र्याचे भांडे काठोकाठ पाण्याने भरले. पाण्यावर पत्र्याची आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पृष्ठभाग हवा तसा लहानमोठा करता येई. लहान तराजूला टांगलेले बटण पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो, यावरून ती पृष्ठताण मोजी. तिला आढळले की तवंग ऐसपैस पसरलेला असताना ताण जवळजवळ स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. जागा एका ठरावीक मर्यादेखाली गेली की मात्र तो झपाट्याने उतरतो. त्या मर्यादेशी स्निग्ध पदार्थाचे रेणू एकाच थरात खांद्याला खांदा लावून उभे असतात, हे पुढे उमगले.

हे छापणार कोण? इंग्लंडचे लॉर्ड रॅले याच विषयावर काम करीत आहेत, हे तिला समजले. जानेवारी १८९१ मध्ये तिने त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. लेडी रॅले यांनी त्याचे भाषांतर केले आणि रॅले यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवले. १२ मार्च १८९१ रोजी ते तिच्याच नावाने प्रसिद्ध झाले. रॅले यांच्या या मोठेपणाची नोंद केली पाहिजे.

पुढे अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी तशाच भांड्यावर काम वाढवले. त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी पाण्यावरचा तो एकेरी थर काचेवर उतरवून थरावर थर चढवले. १९२५ साली गॉर्टर व ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य पाण्यावर पसरून मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापते असे दिसले. म्हणजे पेशीचे पटल दुहेरी थराचे आहे.

याचा उपयोग आज रुग्णाला होतो. शरीरात परकी वस्तू बसवली की तिच्यावर रक्त गोठू लागते. पण तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर ते गोठत नाही. १९८० नंतरच्या दशकात लंडनमधील डेनिस चॅपमन यांनी विचार केला की त्या बाहेरच्या थरासारखाच लेप वस्तूवर दिला तर? तेथील रेणूंच्या टोकाशी असलेला फॉस्फोरिलकोलीन हा भाग त्यांनी उचलला. रक्तवाहिनीत बसवायच्या काही स्टेंटवर असे लेप दिले गेले. परकी वस्तू जणू पेशीचा वेष घेऊन रक्तात वावरते.

आग्नेसला मान मिळाला तो म्हातारपणी. १९३२ साली, सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी ती निवर्तली.

घरी बसूनही संशोधन होते, मग मुलींना कॉलेज कशाला, असा अर्थ कोणी यातून काढील. मला उलटे वाटते. एका पत्र्याच्या भांड्यावर जिने एवढे केले, तिला प्रयोगशाळा मिळाली असती तर? आणि ज्यांच्या घरी पुस्तके देणारा भाऊ नव्हता, अशा किती जणींचे तवंग मोजल्यावाचून मोरीतून वाहून गेले असतील?