डॉ. सुब्बाराव आणि मातीतलं सोनं

हौगांगला राहणाऱ्या तुमच्यापैकी कुणाच्या चेहऱ्यावर खूप मुरुमं आली, तर डॉक्टर कधीकधी डॉक्सिसायक्लिन नावाचं औषध देतात. १९९४ साली महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये सुरतला प्लेग आला, तेव्हा लोक टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल शोधत औषधांच्या दुकानांत धावले होते. आईबाबांना आठवत असेल, विचारून बघा. ही दोन्ही औषधं एकाच घराण्यातली. त्या घराण्यातलं पहिलं औषध ज्यांच्या देखरेखीखाली सापडलं, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बारावांचा जन्म १८९५ साली आंध्रातल्या भीमावरम या गावी झाला. घरची गरिबी होती. शाळेतही ते काही हुशार म्हणून प्रसिद्ध नव्हते. मॅट्रिकला दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास! तरुणपणीच त्यांचे दोन भाऊ आतड्याच्या आजारानं थोड्याच दिवसांच्या अंतरानं गेले. ते दुःख त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

मद्रासला डॉक्टरी शिकताना गांधीजींचं ऐकून त्यांनी ऑपरेशनच्या वेळीही खादीचा अंगरखा घातला. इंग्रज प्राध्यापकांना ते आवडलं नाही. शेवटी एम.बी.बी.एस.ऐवजी त्यांना खालच्या दर्जाचं एल.एम.एस. मिळालं.

मग ते अमेरिकेत बॉस्टनला गेले. खिशात पैसे नाहीत, म्हणून रात्री एका रुग्णालयात हमालाचं काम करत आणि रुग्णांची मलमूत्राची भांडी धूत. दिवसा हार्वर्डमध्ये संशोधन. आपल्या स्नायूंना ताकद कुठून मिळते, यावरचं त्यांचं काम आजही शिकवलं जातं. पण भारतात राहिलेल्या पत्नीची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. मुलगा झाला, तो तान्हा असतानाच गेला. वडिलांनी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं.

एवढं करूनही हार्वर्डनं त्यांना कायमची नोकरी दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली कंपनीत गेले. तिथे ते संशोधनाचे प्रमुख झाले. भावांना झाला होता तशा आजारावर चालणारं फॉलिक ॲसिड तिथेच तयार झालं.

पेनिसिलिन तेव्हा नवीन होतं, पण ते सगळ्या जंतूंवर चालत नसे. म्हणून सुब्बारावांच्या लोकांनी ठिकठिकाणची माती मागवून तपासायला सुरुवात केली. बेंजामिन डुग्गर हे सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ हे काम बघत. (निवृत्त माणसाला नोकरी देणं हेही सुब्बारावांचंच धाडस!) १९४५ मध्ये मिसुरी राज्यातल्या एका शेतातल्या मातीत सोनेरी रंगाचा एक सूक्ष्म जीव सापडला. त्याच्यापासून ऑरियोमायसिन तयार झालं. लॅटिन भाषेत ऑरियस म्हणजे सोनेरी. टेट्रासायक्लिन घराण्यातलं हे पहिलं औषध.

१९४८ च्या जुलैमध्ये ऑरियोमायसिन जगापुढे आलं. ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले. वय फक्त ५३.

त्यामुळे पुढचं त्यांना बघायला मिळालं नाही. १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे जंतू एकदम तीन-चार औषधांना दाद देईनासे झाले. त्यांत टेट्रासायक्लिनही होतं. हे कसं झालं? काही जंतूंमध्ये असं जनुक असतं, की त्यामुळे त्यांच्या अंगात एक छोटा पंप तयार होतो. औषध आत शिरलं, की पंप ते बाहेर फेकतो. शिवाय जंतू हे जनुक शेजारच्या जंतूलाही देतात, आपण गृहपाठ उतरवायला देतो ना, अगदी तसं!

आता रुग्णालयात जंतूंची जनुकंच तपासतात. २००९ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात अतिशय जबर औषधांनाही न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे जनुक निघालं. पुढच्या वर्षी ते सिंगापूरमध्येही आढळलं. अशा जंतूंवर जी दोन-तीन औषधं उरली होती, त्यांत एक होतं टायगेसायक्लिन. टेट्रासायक्लिनचा हा नातू त्याच पर्ल रिव्हरच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता, त्या पंपाला चुकवण्यासाठी.

२०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांना टायगेसायक्लिन निकामी करणारी आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारी जनुकं सापडली. त्यांच्या नावाची सुरुवात 'टेट' अशी होते. टेट म्हणजे टेट्रासायक्लिन.