भास्कराचार्य

भारतीय गणिताच्या इतिहासात भास्कराचार्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होत. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा महान ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, गणिताध्याय व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत.

रूक्ष वाटणारा विषय रंजक कसा करावा, हे आचार्यांना उत्तम अवगत होते. ‘बीजगणिता’त त्यांनी वानरांच्या एका कळपाचे उदाहरण घातले आहे. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग केला असता जी संख्या येते, तितके वानर वनात खेळत आहेत. उरलेले १२ टेकडीवर आहेत. तर एकूण वानर किती?

एकूण वानर क्ष मानले, तर क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० हे वर्गसमीकरण मिळते. अशी समीकरणे सोडविण्याची एक सुरेख रीत श्रीधराचार्यांनी पूर्वीच शोधली होती. भास्कराचार्यांनी ती स्वीकारली आणि तिचे श्रेयही त्यांनाच दिले. या रीतीने एका बाजूस पूर्ण वर्ग तयार होतो व दुसऱ्या बाजूस केवळ एक संख्या उरते. येथे ६४ चा वर्ग ४०९६. त्यातून ७६८ ची चौपट, म्हणजे ३०७२, वजा केली असता १०२४ उरतात. या संख्येलाच आज आपण विवेचक म्हणतो. तिचे वर्गमूळ ३२. ते ६४ मध्ये मिळवून निम्मे केले की ४८, आणि ६४ मधून वजा करून निम्मे केले की १६ येतात. ही दोन्ही उत्तरे उदाहरणास लागू पडतात.

विवेचक शून्य असेल, तर एकच उत्तर मिळते. तो ऋण असेल तर? कोणत्याही संख्येचा वर्ग, मग ती धन असो वा ऋण, ऋण होत नाही. म्हणून ऋण संख्येस वर्गमूळ नाही, असे आचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे.

दुसऱ्या एका उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून जी संख्या येते, तिच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरले आहेत आणि एक फांदीवर बसला आहे. येथे ५० आणि ५ अशी दोन उत्तरे निघतात. परंतु ५ चा पंचमांश १. त्यातून ३ वानर कसे वजा करावेत? म्हणून आचार्यांनी ५ हे उत्तर त्याज्य ठरविले. रीतीने हाती आलेले उत्तरही ते विवेकाच्या कसोटीवर पारखून घेत असत.

इ. स. ११८३ च्या सुमारास, उतारवयात, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ज्योतिषग्रंथ लिहिला. पुढे त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे, म्हणून त्यांनी मठ स्थापन केला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख त्याची साक्ष देतो.

उत्तर मिळविणे ही विद्येची पहिली पायरी. ते योग्य आहे की नाही हे पारखणे ही तिची खरी परीक्षा होय. भास्कराचार्यांच्या जीवनातून हाच बोध आपण घ्यावा.