स्टीव्हन कोल क्लेनी

स्टीव्हन कोल क्लेनी (जन्म : ५ जानेवारी १९०९, हार्टफर्ड, कनेक्टिकट, मृत्यू : २५ जानेवारी १९९४, मॅडिसन, विस्कॉन्सिन) हे अमेरिकन गणितज्ञ व तर्कशास्त्रज्ञ होते. संगणकावर मजकुरातील नमुने शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशन या संकल्पनेचा गणिती पाया त्यांनी घातला.

जीवन

ॲमहर्स्ट कॉलेजातून १९३० मध्ये पदवी घेतल्यावर क्लेनी यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात अलोन्झो चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९३५ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात अध्यापन करू लागले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी नौदलात सेवा केली. युद्धानंतर ते विस्कॉन्सिनला परतले व १९७९ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. इंट्रोडक्शन टू मेटामॅथेमॅटिक्स (१९५२) हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ होय. १९९० मध्ये त्यांना नॅशनल मेडल ऑफ सायन्स हा सन्मान मिळाला.

रेग्युलर एक्स्प्रेशन

मॅककलक व पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींच्या जाळ्याचे गणिती प्रतिमान मांडले होते. अशी जाळी नेमके काय ओळखू शकतात, या प्रश्नावर क्लेनी यांनी १९५१ च्या उन्हाळ्यात रँड कॉर्पोरेशनमध्ये काम केले. त्यांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्याय, जोडणी आणि पुनरावृत्ती या तीन क्रियांनी जे नमुने लिहिता येतात, नेमके तेच मर्यादित स्थितींचे यंत्र ओळखू शकते, असे त्यांनी सिद्ध केले. पुनरावृत्तीच्या क्रियेला पुढे क्लेनी स्टार हे नाव मिळाले.

लायब्ररींमधील भेद

केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये या सिद्धान्तावर आधारित शोधपद्धती प्रसिद्ध केली. नंतरच्या लायब्ररींनी मात्र त्यात आपापली भर घातली. पर्ल, पायथन व जावा यांत आधी जुळलेला भाग पुन्हा तसाच मागता येतो. ही सोय क्लेनी यांच्या सिद्धान्ताच्या कक्षेबाहेरची आहे. या लायब्ररी एक वाट चुकल्यास मागे येऊन दुसरी तपासतात. त्यामुळे काही नमुन्यांसाठी लागणारा वेळ मजकुराच्या लांबीबरोबर प्रचंड वाढतो. गूगलच्या आरईटू लायब्ररीने ही सोय हेतुपुरस्सर वगळली असून तिचा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो.

एकच नमुना सर्वत्र एकच उत्तर देईल असेही नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव धारण करणाऱ्या पुण्यातील कर्वेनगर या उपनगराचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. कर्वे किंवा कर्वेनगर असा पर्यायी नमुना या नावावर लावल्यास पर्ल आधी लिहिलेला पर्याय, म्हणजे कर्वे, स्वीकारते. पॉझिक्स मानकानुसार मात्र सर्वांत लांब जुळणी, म्हणजे कर्वेनगर, मिळते.

शब्दातील अक्षर दर्शवणाऱ्या चिन्हाचा अर्थही बदलतो. पायथनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये हलन्त व मात्रा या चिन्हाखाली येत नाहीत; त्यामुळे कर्वेनगर या शब्दाचे कर, व आणि नगर असे तीन तुकडे होतात. जावामध्ये मूळ मांडणीत हे चिन्ह एकाही देवनागरी अक्षराशी जुळत नाही. युनिकोडचा पर्याय चालू केल्यास पूर्ण शब्द जुळतो. म्हणून मराठी मजकुरासाठी लिहिलेला नमुना एका लायब्ररीतून दुसरीत नेताना मात्रा व जोडाक्षरे असलेल्या शब्दांवर तो पुन्हा तपासावा लागतो.