कोनाड्यातली कपबशी आणि लक्ष्मीबाई

चाळीसगावच्या आमच्या जुन्या घरात मागच्या ओसरीला एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात एक कपबशी असे. कपाचा कान तुटलेला, बशीला निळी कड. घरातलं कोणी तिला हात लावत नसे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नर्सबाई आल्या की त्यांना त्या कपातून चहा मिळायचा. चहा झाला की बाई स्वतःच उठून कपबशी विसळायच्या आणि पुन्हा कोनाड्यात पालथी घालायच्या. बाई ख्रिस्ती होत्या. माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी याच बाई रात्रभर आईच्या उशाशी बसल्या होत्या. आम्हाला दोघांना या जगात पहिला हात लागला तो त्यांचा. तरी त्यांचा कप वेगळा, यात कोणाला काही वावगं वाटत नसे. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं.

एका उन्हाळ्याच्या सुटीत आईने वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणलं. रात्री जेवणं आटोपली की अंगणात बाजा टाकायच्या आणि कंदिलाच्या उजेडात आई ते मोठ्याने वाचायची. आम्ही पोरं हसून हसून लोळायचो. आजी माळ ओढत ऐकायची आणि न ऐकल्यासारखं दाखवायची. त्या पुस्तकाने आमच्या घरात काय केलं ते शेवटी सांगते. आधी लक्ष्मीबाईंविषयी. त्यांच्याविषयी इतकं लिहिलं गेलं आहे, तरी मला नेहमी वाटतं की 'ख्रिस्ती कवीची विनोदी बायको' एवढ्यावरच आपण त्यांची बोळवण करतो.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, मनावर विलक्षण परिणाम झाला. त्यांना सोवळ्याने झपाटलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. मीठसुद्धा धुतलं जाई! धुतलेल्या मिठाचं पुढे काय होत असेल हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. लक्ष्मीबाई हे सारं हसत हसत सांगतात, पण त्या हसण्याखाली एका घाबरलेल्या मुलीचं बालपण आहे. कशाला शिवलं तर काय होईल, या धास्तीतच ती मुलगी वाढली. पुढचं सगळं आयुष्य समजून घ्यायला हे मीठ विसरून चालणार नाही.

१८८० साली, अजाण वयात, त्यांचं नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक बुद्धिमान, कवी, कोपिष्ट, लहरी आणि कमालीचे उदार. आज इथे तर उद्या तिथे. न सांगता घरातून निघून जायचे आणि न सांगता परत यायचे. घरात काही नसताना सामान आणायला बाजारात गेले आणि एक सुंदर दौत घेऊन आले, ही गोष्ट ऐकताना माझी आई वाचता वाचता थांबली होती. आमचे वडील त्या वेळी पलीकडच्या बाजेवर पंख्याने वारा घेत होते. तेही काही बोलले नाहीत. प्रत्येक घरात अशी एखादी दौत आलेली असते!

याच टिळकांना १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला आणि त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. आमचं गाव जंक्शनचं. मुंबई-नागपूर हमरस्त्यावरचं, इथून धुळ्याचा फाटा फुटतो. डब्यातल्या अनोळखी माणसाशी गप्पा मारणं आणि शिदोरी वाटून खाणं आम्हाला नवं नाही. पण एखाद्या गाडीतल्या भेटीने सबंध संसार रुळावरून उतरावा हे नवलच. टिळकांनी दोनएक वर्षं विचार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंसाठी तो दिवस म्हणजे जिवंतपणी आलेलं वैधव्यच. नवरा आहे, पण त्याचं नाव घ्यायची सोय नाही. पदरात चार वर्षांचा दत्तू. वेड लागायची पाळी आली. नातेवाइकांनी सांभाळलं, त्या बहिणीच्या घरी पंढरपूरला जाऊन राहिल्या. माणसं मायेची होती, पण धर्म सोडलेल्याची बायको म्हणून लोकांच्या नजरा झेलायच्या होत्याच. अक्षरओळख बेताची असलेल्या या बाईला कविता सुचू लागल्या त्या याच ताटातुटीत.

इथून पुढचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. काही वर्षांनी त्या मुलाला घेऊन टिळकांकडे परत गेल्या, पण धर्म न बदलता. नवऱ्याचं घर हवं होतं, नवऱ्याचं पाणी नको होतं. म्हणजे एका छपराखाली दोन चुली. त्यांचा स्वयंपाक वेगळा, त्यांचं पाणी वेगळं आणि ज्याच्यासाठी जीव तुटला तो माणूस त्या पाण्याला शिवायचा नाही. विचार करून पाहा. आपण भांडलो तर दोन दिवस अबोला धरतो. या बाईने प्रेम आणि विटाळ यांचा संसार एकाच घरात मांडला होता. टिळकांचं मोठेपण असं, की असा तापट माणूस, पण इथे त्यांनी घाई केली नाही. बायकोने आपल्या मागे यावं म्हणून जबरदस्ती केली नाही. आपल्या आधीच्या वागण्याची ही त्यांनी केलेली भरपाई असावी, असं मला आपलं वाटतं.

मग एका रात्री लक्ष्मीबाईंच्या मनाने त्या धुतलेल्या मिठाचा हिशेब मांडला. त्यांना कोणी प्रवचन दिलं नव्हतं. अंथरुणात पडल्या पडल्या त्या विचार करत होत्या, की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांत जसा फरक दिसतो तसा ब्राह्मणाच्या आणि महाराच्या शरीरात दिसला असता. तसा तो दिसत नाही. म्हणजे हे काम माणसाचं. सकाळी उठल्या त्या निर्धार करूनच. आता कोणाच्याही हातचं खायचं, कोणाच्याही हातचं प्यायचं. तोवर त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आधी पाण्याचा घडा मोकळा झाला, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पंडिता रमाबाईंचा मार्ग शास्त्रांच्या, वादविवादांच्या आणि देशोदेशींच्या प्रवासातून गेला. लक्ष्मीबाईंचा चुलीपासून सुरू झाला आणि बराचसा चुलीपाशीच राहिला. दोघींची तुलना करून एकीला लहान-मोठं ठरवण्यात अर्थ नाही. पण आमच्यासारख्या घरात वाढलेल्या बायकांना दुसरी वाट अधिक ओळखीची वाटते, एवढं खरं.

धर्म बदलला म्हणून माणूस लगेच बदलत नाही, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसतं. त्यांची जीभ तशीच तिखट राहिली. नवरा-बायकोची भांडणं तशीच होत राहिली. टिळक पाहुणे आणत राहिले, पैसे वाटत राहिले. बदललं ते एवढंच, की घराचं दार आतून लावणं बंद झालं. दुष्काळात उघड्यावर पडलेली मुलं घरात आली आणि राहिली. परक्या पोराची ऊ-लीख काढताना, त्याचं पोट सुटलं तर रात्री उठताना ज्या मनाचा कस लागतो, त्या मनाला उपासनेत डोळे मिटून बसणं सोपं असावं. लहानपणी जिला शिवाशिवीची धास्ती घातली गेली, तिने कोणाचं काय काय धुतलं असेल याची यादी करायला बसलं तर नानांचं मीठ फारच थोडं ठरेल.

या घरात आमच्या खानदेशचा एक मुलगाही येऊन राहिला. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. टिळकही तिथे होते. पुढे ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहू लागले. ख्रिस्ती घरात ब्राह्मणाचा मुलगा! त्या काळी हे केवढं धाडस, त्याच्या बाजूने आणि त्यांच्याही. लोकांनी शंका घ्यायच्या त्या घेतल्याच असतील. पण ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या घराने तशी अट घातली नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. दोघेही हट्टी, त्यामुळे रुसवेफुगवे भरपूर. 'औदुंबर'सारखी कविता लिहिणारा हा उदास स्वभावाचा मुलगा या बाईशी मात्र लहान पोरासारखा भांडत असे, याचं मला फार अप्रूप वाटतं. हक्काचं भांडण करायला हक्काचं माणूस लागतं.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनापाशी रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून ठोमरे गेले. वय अवघं सत्तावीस. चाळीसगावहून भुसावळला जाताना जळगाव सोडलं की लगेच भादली येतं. पॅसेंजर तिथे थांबली की माझी आई पदर सावरून खिडकीतून बाहेर बघायची. का ते मला त्या उन्हाळ्यानंतर कळलं.

टिळकांचाही शेवट जवळ आला होता. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी संन्यास घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळेच ख्रिस्ताचे अनुयायी एकत्र यावेत म्हणून 'देवाचा दरबार' सुरू केला. संन्याशाची बायको होणं हे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेलं आणखी एक नवं काम. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. ठोमऱ्यांच्या मृत्यूला एक वर्ष आणि चार दिवस झाले होते.

आता त्या एकट्या पडल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून राहिल्या, मुलाच्या संसारासोबत गावं बदलली. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं, ते दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि साठाहून अधिक अध्याय लिहून पुरं केलं. ज्या माणसाच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला होता, त्याचंच राहिलेलं काम त्या पूर्ण करत होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने! टिळकांचं चरित्र लिहायला मुलगा देवदत्त साहित्य जमवत होता. त्याच्यासाठी आठवणी सांगता-लिहिता 'स्मृतिचित्रे' घडलं. १९३४ पासून त्याचे भाग छापून येऊ लागले. त्यात कुठेही मी किती सोसलं असा सूर नाही, आणि माझा धर्म खरा, तुझा खोटा असाही नाही. माहेरच्या सोवळ्याची थट्टा आहे, पण नानांवर राग नाही. नवऱ्याची गाऱ्हाणी आहेत, पण त्यात नवरा लहान होत नाही. पुस्तक लिहिण्यातली ही तिची, म्हणजे लक्ष्मीबाईंची, क्षमा मला त्यांच्या साऱ्या ओव्यांहून मोठी वाटते. (आमच्या घरी त्यांचा उल्लेख नेहमी 'ती लक्ष्मी' असाच व्हायचा, म्हणून एकेरी आलं.) २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या गेल्या.

आता आमच्या कोनाड्याची गोष्ट. पुस्तक संपलं तेव्हा मृगाचा पाऊस सुरू झाला होता. आईने ते वाचनालयात परत केलं. त्यावर घरात काही चर्चा झाली नाही. काही दिवसांनी नर्सबाई आल्या. आईने चहा ठेवला आणि फडताळातले घरचे कप काढले, एक त्यांना, एक स्वतःला. बाईंनी चहा घेतला, सवयीने उठल्या, मोरीवर कप विसळला आणि मागच्या ओसरीत गेल्या. कोनाडा रिकामा होता. ओला कप हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. आई मागून गेली, तिने त्यांच्या हातातून कप घेतला आणि आत नेऊन फडताळात ठेवला. एवढंच. दोघी पावसाविषयी बोलत राहिल्या. आजी त्या दिवशी संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण आपला चहाचा पेला तिने शेवटपर्यंत वेगळाच ठेवला. आईने तिला कधी काही म्हटलं नाही.

बाईंची पुढे भुसावळला बदली झाली. जाण्यापूर्वी त्या निरोपाला आल्या तेव्हा मी चांगली कळती होते. तुमची कपबशी कोनाड्यात असायची तेव्हा तुम्हाला काय वाटायचं, हे त्यांना विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही. त्या काय सांगतील याची मला भीती वाटली म्हणून.

आई गेल्यावर जुनं घर पाडायला काढलं. माळ्यावरचा पसारा उतरवताना एका डब्यात तो कान तुटलेला कप सापडला. आई त्यात तुळशीच्या मंजिऱ्या वाळवून ठेवत असे. निळ्या कडेची बशी मात्र कुठे मिळाली नाही.